जपानी रॉकच्या पहिल्या तबकड्या

ऑगस्ट १९७० मध्ये तोक्योत एक एलपी निघाली. तिच्या मुखपृष्ठावर लांब केसांचे तरुण नव्हते की गिटारी नव्हत्या. सेइची हायाशी या चित्रकथाकाराने काढलेलं साधं, थोडं उदास चित्र होतं आणि त्यात एका दुकानाची पाटी ठळक दिसत होती : ‘युदेमेन’, म्हणजे उकडलेल्या नूडल्स. रेकॉर्डचं अधिकृत नाव बँडच्याच नावावरून, ‘हॅपी एंड’. पण जपानी रसिक आजही तिला ‘युदेमेन’ म्हणूनच ओळखतात. बँडचं नाव इंग्रजी असलं तरी ते रोमन लिपीत लिहायचं नाही, परक्या शब्दांसाठी राखून ठेवलेल्या काताकाना लिपीतही नाही, तर मुलं सगळ्यांत आधी शिकतात त्या हिरागाना लिपीत लिहायचं, असं बँडमधल्या चौघांनी ठरवलं होतं. गाणीही सगळी जपानीत. आज यात काही विशेष वाटणार नाही. १९७० मध्ये मात्र ती एक भूमिका होती आणि तिच्यावरून जाहीर वाद झाले.

जपानी रॉक बँडांच्या पहिल्या रेकॉर्डी मला त्यांच्या नंतरच्या, जास्त घोटीव रेकॉर्डींपेक्षा जवळच्या वाटतात. इंग्लंड-अमेरिकेतल्या बँडला पहिल्या रेकॉर्डमध्ये स्वतःचा सूर शोधायचा असतो. जपानी बँडला त्याच्याही आधी एक प्रश्न सोडवावा लागतो : हे बाहेरून आलेलं संगीत आपल्या भाषेत गायचं कसं? दर पिढीने तो नव्याने सोडवला, आणि बहुतेकांचं उत्तर त्यांच्या पहिल्याच रेकॉर्डमध्ये ऐकू येतं.

हा प्रश्न नुसता अस्मितेचा नव्हता, तो गाण्याच्या बांधणीचा होता. जपानी भाषा मात्रांवर चालते. मात्रावृत्तं माहीत असणाऱ्या मराठी वाचकाला हे समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत. आपण वृत्तात ऱ्हस्वाची एक आणि दीर्घाच्या दोन मात्रा मोजतो, जपानी माणूस रोजच्या बोलण्यातच हा हिशेब पाळतो. ‘तोक्यो’ हे नाव जपानी कानाला चार मात्रांचं आहे : तो-ओ-क्यो-ओ. शब्दातला अनुनासिकदेखील स्वतःची वेगळी मात्रा घेतो. जवळजवळ प्रत्येक व्यंजनाला स्वर चिकटलेला असतो आणि सगळ्या मात्रा साधारण सारख्या लांबीच्या. इंग्रजीचं तसं नाही. तिथे एका स्वराभोवती तीन-चार व्यंजनं दाटीवाटीने बसतात आणि शब्दातल्या एका भागावर जोराचा आघात पडतो. रॉकचा ठेका त्या आघातावरच उभा आहे. एका सुराला एक मात्रा अशा रीतीने जपानी शब्द बसवत गेलं, की चालीच्या एका ओळीत दोन-तीनच शब्द मावतात आणि ठेका सपाट होतो. म्हणून ‘जपानी भाषा रॉकवर बसतच नाही’ असं म्हणणारे लोक संगीत न कळणारे नव्हते. त्यांना अडचण नेमकी कळली होती.

त्यांच्यात सगळ्यांत मोठा आवाज होता युया उचिदा यांचा. १९६६ मध्ये बीटल्स तोक्योच्या बुदोकान सभागृहात गायले, तेव्हा त्यांच्याआधी रंगमंचावर येणाऱ्या जपानी कलाकारांत उचिदाही होते. त्या कार्यक्रमांनंतर जपानात ‘ग्रुप साउंड्स’ची लाट आली. एकसारखे पोशाख घातलेले तरुण, इलेक्ट्रिक गिटारी आणि बरीचशी गाणी व्यावसायिक गीतकार-संगीतकारांनी लिहून दिलेली. दशक संपेपर्यंत ही लाट ओसरली. आता खरं रॉक करायचं तर ते इंग्रजीतच करावं, म्हणजे जगापर्यंत पोचेल, असं उचिदांचं मत होतं. त्यांनी उभ्या केलेल्या फ्लॉवर ट्रॅव्हलिन’ बँडची पहिली रेकॉर्ड ‘एनीव्हेअर’ याच १९७० सालातली. मुखपृष्ठावर मोटारसायकलींवर स्वार झालेले विवस्त्र तरुण, आत ब्लॅक सॅबाथ आणि किंग क्रिम्झन यांची गाणी. वादन जबरदस्त आहे. पण ऐकताना राहून राहून वाटतं की हा बँड अजून दुसऱ्याच्या घरात वावरतो आहे. पुढच्याच वर्षीच्या ‘सातोरी’त ते स्वतःच्या घरी आले. गिटारवादक हिदेकी इशिमा यांच्या बोटांत तेव्हापासूनच पूर्वेकडची वळणं आहेत. पुढे त्यांनी सतार आणि गिटार यांचा संकर करून ‘सितारला’ नावाचं वाद्यच बनवून घेतलं.

दुसऱ्या बाजूला हॅपी एंडचे चौघे : हारुओमी होसोनो, एइची ओताकी, ताकाशी मात्सुमोतो आणि शिगेरु सुझुकी. सुझुकी तेव्हा अवघा १८ वर्षांचा होता. होसोनो आणि मात्सुमोतो आधी ‘एप्रिल फूल’ नावाच्या बँडमध्ये होते आणि त्या बँडची १९६९ ची एकुलती एक रेकॉर्ड बहुतांशी इंग्रजीत होती. म्हणजे इंग्रजीत गाऊन पाहिल्यावर, त्यात काय हाती लागत नाही हे अनुभवून, ही माणसं जपानीकडे वळली होती. त्यांना जागा दिली ‘यूआरसी’ या छोट्या कंपनीने. मोठ्या कंपन्या जी गाणी छापायला धजावत नसत, ती सभासदांना टपालाने पाठवणारा क्लब म्हणून ती सुरू झाली होती.

‘युदेमेन’ची सुरुवात ‘हारु यो कोइ’ या गाण्याने होते. सुझुकीची गिटार खरखरीत, जड, चाल संथ. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बफेलो स्प्रिंगफील्डसारख्या बँडांचा संस्कार लपत नाही. आणि त्या आवाजावर ओताकी गातो काय, तर नववर्षाचा सण, कोतात्सू म्हणजे खाली शेगडी आणि वरून रजई टाकलेलं बैठं टेबल, सणाचं खास सूप, आणि घर सोडून आलेला, या सगळ्यापासून दूर एकटा बसलेला एक तरुण. रॉकच्या गाण्यात तोवर रस्ते, मोटारी, प्रेयसी यायच्या. मात्सुमोतोने त्यात आजीच्या घरातलं सामान आणून ठेवलं. तो बँडचा ड्रमवादक होता, आणि मला वाटतं, गीतकार ड्रमवादक असण्याचा इथे मोठा फायदा झाला. शब्दांची लांबी त्याला ठेक्याच्या अंगाने कळत होती. ओताकी आणि होसोनो ते शब्द गाताना सरळ गात नाहीत. शब्द मधेच तोडतात, त्याचा अर्धा तुकडा पुढच्या ओळीवर ढकलतात, एखादा स्वर ठेक्याच्या पलीकडे ताणतात. मात्रांची समान रांग त्यांनी अशी मोडली आणि आघाताची उणीव भरून काढली. ‘डिसेंबरातला पावसाचा दिवस’ अशा अर्थाच्या गाण्यात हे तंत्र सगळ्यांत सुंदर जमलं आहे.

त्यानंतर ‘न्यू म्युझिक मॅगझिन’ या मासिकाच्या पानांवर उचिदा आणि हॅपी एंडच्या मंडळींचा वाद रंगला. जपानी रॉकच्या इतिहासात तो ‘निहोंगो रॉक’चा, म्हणजे जपानी भाषेतल्या रॉकचा वाद म्हणून ओळखला जातो. निकाल वादातून लागला नाही, गाण्यांतून लागला. १९७१ ची हॅपी एंडची दुसरी रेकॉर्ड ‘काझेमाची रोमान’ जास्त मोकळी, जास्त गोड आहे आणि सर्वोत्कृष्ट जपानी रॉक रेकॉर्डींच्या याद्यांत ती वारंवार पहिली येते. सोफिया कोपोलाच्या ‘लॉस्ट इन ट्रान्सलेशन’ (२००३) चित्रपटातलं ‘काझे ओ आत्सुमेते’ हे गाणं तिच्यातलंच. पण दुसऱ्या रेकॉर्डमधली सहजता पहिलीतल्या झटापटीने कमावलेली आहे. बँड १९७२ च्या अखेरीस मोडला. होसोनो पुढे यलो मॅजिक ऑर्केस्ट्रात गेला, ओताकीने १९८१ मध्ये ‘अ लाँग व्हेकेशन’ केली आणि मात्सुमोतोने सेइको मात्सुदासारख्या लोकप्रिय गायिकांसाठी शेकडो गाणी लिहिली. जपानी लोकप्रिय संगीताच्या पुढच्या वीस वर्षांचा मोठा भाग या एका बँडच्या सभासदांनी घडवला.

मात्रांच्या प्रश्नाला अगदी वेगळं उत्तर मिळालं २५ जून १९७८ रोजी. सदर्न ऑल स्टार्स या बँडचं पहिलं गाणं ‘कात्ते नी सिंदबाद’ त्या दिवशी बाजारात आलं. त्या काळच्या दोन लोकप्रिय गाण्यांची शीर्षकं अर्धी अर्धी जोडून हे नाव बनवलं होतं. गायक केइसुके कुवाता याने शब्द तोडले नाहीत, चावले. व्यंजनं जिभेवर गुंडाळत, स्वर गिळत तो जपानी अशा धाटणीने गायला की ऐकणाऱ्याला क्षणभर इंग्रजी वाटावं, आणि तेही भन्नाट वेगात. घरोघरी मोठ्या माणसांनी ‘हा काय गातोय ते कळत नाही’ म्हटलं आणि पोरांनी गाणं पाठ केलं. जपानात बँडच्या पदार्पणाची तारीख लग्नाच्या तारखेसारखी जपतात. २०२३ मध्ये सदर्नने पदार्पणाची ४५ वर्षं कुवाताच्या गावी, चिगासाकीला, मोठे कार्यक्रम करून साजरी केली.

ओसाकाकडचे लोक तोक्योच्या वादात फारसे पडले नाहीत. तिथल्या इनू या पंक बँडची पहिली आणि त्या काळातली एकमेव रेकॉर्ड ‘मेशी कूना!’ १९८१ मध्ये आली. शीर्षकाचा अर्थ ‘जेवू नकोस!’ गायक माचिझो माचिदा तेव्हा १९ वर्षांचा होता. तो गातो कमी आणि तावातावाने बोलतो जास्त. तक्रार, बडबड, शिव्या, मधेच एखादी विलक्षण प्रतिमा. हाच माचिदा पुढे को माचिदा या नावाने कादंबऱ्या लिहू लागला आणि २००० मध्ये त्याला ‘किरेगिरे’साठी आकुतागावा पारितोषिक मिळालं. जपानी साहित्यातल्या सर्वांत मानाच्या पुरस्कारांपैकी एकाच्या मानकऱ्याचा गद्याचा सूर १९ व्या वर्षीच्या पंक रेकॉर्डमध्ये आधीच तयार आहे. साहित्याची आवड असणाऱ्याने ही रेकॉर्ड जरूर ऐकावी.

त्याच ओसाकात नाओको आणि आत्सुको या यामानो बहिणी आणि त्यांची मैत्रीण मिचिए नाकातानी यांनी १९८१ च्या अखेरीस शोनेन नाइफ हा बँड सुरू केला. त्यांची ‘बर्निंग फार्म’ ही आठ इंची छोटी रेकॉर्ड १९८३ ची. वादन कच्चं आहे, पण कुठेही खोटं नाही. गाणी कशावर? पोपट, हत्ती, बार्बी बाहुली, कारखान्यातला एक दिवस, आणि भांडी घासायचा कासव छाप घासणा. हा घासणा खराच आहे. माडाच्या वर्गातल्या झाडांच्या काथ्याचा, कासवाच्या आकाराचा, जपानी मोरीत पिढ्यान् पिढ्या असलेला. त्या तिघींनी त्याला स्वतःचं गाणं दिलं. ही रेकॉर्ड अमेरिकेतल्या ऑलिंपिया गावातल्या के रेकॉर्ड्स या छोट्या लेबलने १९८५ मध्ये कॅसेटवर काढली. ती हातोहात फिरत गेली आणि कर्ट कोबेनसारखे चाहते मिळवत गेली. १९९१ मध्ये शोनेन नाइफ कोबेनच्या निर्वाणा बँडबरोबर ब्रिटनच्या दौऱ्यावर होता. जगापर्यंत पोचायचं तर इंग्रजीतच गायला हवं, हा उचिदांचा मुद्दा इथे खोटा पडला. बहुतांश जपानीत गायलेल्या घासण्याच्या आणि हत्तीच्या गाण्यांनी ते अंतर कापलं होतं.

जपानात ‘पहिली रेकॉर्ड’ म्हणजे नेमकी कोणती, याबद्दल थोडं सांगायला हवं. नवखा बँड तळघरातल्या ‘लाइव्ह हाउस’मध्ये वाजवायला लागतो, तेव्हा त्याच्यावर ‘नोरुमा’ असतो : ठरावीक तिकिटं खपवायची आणि न खपलेल्या तिकिटांचे पैसे खिशातून भरायचे. असे पैसे भरत, दिवसा कुठेतरी काम करत बँड छोट्या लेबलवर रेकॉर्ड काढतो. ते इंडी पदार्पण. मोठ्या कंपनीने घेतल्यावर होतं ते ‘मेजर’ पदार्पण. त्यामुळे एका बँडला दोन वाढदिवस असू शकतात. एक्स जपानच्या योशिकीने तर स्वतःच एक्स्टसी रेकॉर्ड्स हे लेबल काढलं आणि १९८८ मध्ये बँडची पहिली एलपी ‘व्हॅनिशिंग व्हिजन’ त्यावर आणली. पुढच्या वर्षीची ‘ब्लू ब्लड’ ही त्यांची मेजर कंपनीवरची पहिली.

आता माझी सगळ्यांत लाडकी. २१ मे १९८७ रोजी आलेली ‘द ब्लू हार्ट्स’, त्याच नावाच्या बँडची. बारा गाणी, चाळीस मिनिटांच्या आत खलास. जपानची अर्थव्यवस्था तेव्हा फुगत चालली होती, जमिनीचे भाव आकाशाला भिडत होते, मुलं शाळेतून शिकवणीला आणि शिकवणीतून परीक्षेला धावत होती. अशा वेळी हिरोतो कोमोतो नावाचा काटकुळा गायक रंगमंचावर वेड्यासारखा उड्या मारत, अत्यंत सोप्या जपानीत गाऊ लागला. मात्रांच्या प्रश्नाला त्याचं आणि गिटारवादक मासातोशी माशिमाचं उत्तर सगळ्यांत धाडसी होतं. एका सुराला एक मात्रा? चालेल. शब्द कमी मावतात? मग कमीच घेऊ, पण प्रत्येक शब्द शेवटच्या रांगेतल्या मुलालाही कळला पाहिजे. ज्याला सगळे दोष मानत होते, त्यालाच त्यांनी घोषणेची ताकद दिली. शब्द सहावी-सातवीतल्या मुलाला समजतील असे, चाली तीन-चार कॉर्डच्या. पण आशय बाळबोध नाही.

‘लिंडा लिंडा’ हे शेवटचं गाणं नीट ऐका. सुरुवातीला जवळजवळ नुसता आवाज. कोमोतो हळू, स्तोत्र म्हटल्यासारखा गातो आणि सौंदर्याचं माप म्हणून तो गटारातल्या उंदराकडे बोट दाखवतो. मग क्षणात ड्रम कोसळतात, वेग दुप्पट होतो आणि त्या नावाचा नुसता पुकारा सुरू होतो. लिंडा कोण, हे गाणं सांगत नाही. शाळांच्या सांस्कृतिक महोत्सवांत हे गाणं वाजवणाऱ्या मुलांच्या किती तुकड्या आल्या आणि गेल्या असतील! नोबुहिरो यामाशिता यांनी २००५ मध्ये त्यावर ‘लिंडा लिंडा लिंडा’ हा सुरेख चित्रपट केला : चार शाळकरी मुली, महोत्सवाला थोडेच दिवस उरलेले, आणि गायला तयार झालेली मुलगी कोरियाहून शिकायला आलेली, जपानी अजून अडखळत बोलणारी. ती भूमिका कोरियन अभिनेत्री बे दूना हिने केली आहे. सोप्या शब्दांचं मोल तिथे दिसतं. भाषा पुरती न येणारी मुलगीही हे गाणं स्वतःचं करू शकते. त्या चित्रपटावरून लॉस एंजेलिसमधल्या चार मुलींनी आपल्या बँडचं नाव ‘द लिंडा लिंडाज’ ठेवलं आणि २०२२ मध्ये त्यांचीही पहिली रेकॉर्ड आली.

अर्थात प्रश्न कायमचा सुटला नव्हता. १९८९ मध्ये फ्लिपर्स गिटारची पहिली रेकॉर्ड पुन्हा संपूर्ण इंग्रजीत आली. दुसऱ्या रेकॉर्डपासून ते जपानीकडे वळले. आणि नव्वदीच्या शेवटी तोक्योपासून लांबच्या गावांतून एक वेगळीच पिढी आली. सुपरकार हा बँड उत्तरेकडच्या आओमोरी प्रांतातला, तोक्योपासून सुमारे ६०० किलोमीटरवरचा. त्यांची ‘थ्री आउट चेंज’ १ एप्रिल १९९८ रोजी आली तेव्हा ती विशीच्या उंबरठ्यावरची पोरं होती, आणि एका सीडीत बसतील तेवढी, तब्बल १९ गाणी त्यांनी तिच्यात भरली. कोजी नाकामुरा गिटारींच्या दाट आवाजाखाली पुटपुटल्यासारखा गातो. शब्दांच्या कडा विरघळतात आणि मात्रांचा काच जाणवेनासा होतो. पण जुन्जी इशिवातारीचे शब्द कागदावर वाचले तर नेटके, बुद्धिमान आहेत. पुढे २००६ मध्ये चॅटमाँची या तीन मुलींच्या बँडच्या पहिल्या पूर्ण रेकॉर्डचा निर्माता तोच होता. नैऋत्येच्या फुकुओकाहून नंबर गर्ल आला. १९९९ ची त्यांची मेजर कंपनीवरची पहिली रेकॉर्ड ‘स्कूल गर्ल डिस्टॉर्शनल अॅडिक्ट’ म्हणजे कानशिलात बसलेली चपराक आहे. चष्मा लावलेला, नोकरदार दिसणारा शुतोकू मुकाइ घसा फोडून ओरडतो आणि हिसाको ताबुची शेजारी शांत उभी राहून गिटारीतून करवत चालवते.

त्या चष्म्याचा परिणाम दूरवर झाला. योकोहामाच्या विद्यापीठात जमलेला एशियन कुंग-फू जनरेशन आधी इंग्रजीत गात होता आणि नंबर गर्लचा निस्सीम भक्त होता. त्यांच्या ‘एन.जी.एस.’ या गाण्याचं नावच ‘नंबर गर्ल सिंड्रोम’चं लघुरूप आहे. २००२ मध्ये छोट्या लेबलवर आलेली त्यांची सहा गाण्यांची ‘होकाइ अँप्लिफाय’ पुढच्या वर्षी मोठ्या कंपनीने तशीच्या तशी पुन्हा काढली. तिचं पहिलं गाणं ‘हारुका कानाता’ घरातल्या मुलांना विचारा, ‘नारुतो’ ही अॅनिमे मालिका पाहणारं कोणी असेल तर लगेच गुणगुणेल. ते मालिकेचं दुसरं शीर्षकगीत होतं. गायक मासाफुमी गोतो इथे मात्रांपासून पळत नाही, त्या वेगाने एकामागून एक डागतो. २०२२ च्या ‘बोच्ची द रॉक!’ या अॅनिमे मालिकेत चार मुलींचा बँड तिकिटांच्या नोरुमाशी झुंजतो. त्या चौघींची आडनावं याच बँडच्या चार सभासदांची आहेत.

पुण्या-मुंबईत जपानी शिकणारी मुलं आता भरपूर आहेत. त्यांना माझं सांगणं आहे : क्रमिक पुस्तकाच्या जोडीला ‘द ब्लू हार्ट्स’चे शब्द घ्या. पहिल्या वर्षाच्या जपानीवर त्यातले बरेचसे उलगडतात, आणि वर्गात न शिकवला जाणारा आवेश त्यांत आहे. कान तयार झाले की हॅपी एंडकडे जा, शब्द कुठे तुटतात ते बोटांवर मोजत. गिटारींची आवड असेल तर नंबर गर्ल आधी ऐकलात तरी हरकत नाही, फक्त आवाज मोठा ठेवा. यांतल्या बहुतेक रेकॉर्डी आता स्ट्रीमिंगवर मिळतात.